केबल दुरुस्तीला आलेल्या दादांना

नमस्कार दादा,

तुम्ही गेल्यावर कंपनीचा मेसेज आला, सेवेला एक ते पाच गुण द्या म्हणून. पाच दिले. पण तुम्ही जे केलंत ते त्या आकड्यात मावेना, म्हणून हे पत्र.

आमचं इंटरनेट बंद नव्हतं, ते जात-येत होतं. पूर्ण बंद पडलेलं परवडलं. जात-येत असलं की तक्रार ऐकणारा माणूस फोनवर येईपर्यंत ते परत आलेलं असतं आणि आपणच खोटे पडतो. 'मॉडेम बंद करून चालू करा' हे उत्तर पाठ झालं होतं. आधी आलेल्या गृहस्थांनी मॉडेम बदलला, स्पीड टेस्ट दाखवली आणि सही घेऊन गेले. टेस्ट उत्तमच आली, कारण त्या वेळी लाइन चालू होती!

तुम्ही आल्या आल्या विचारलंत, "वाय-फाय जातं की नेट जातं?" हे तोवर कोणी विचारलंच नव्हतं. मग लॅपटॉप वायरने राउटरला जोडून दोन पिंग (म्हणजे 'आहेस का?' अशी सतत मारलेली हाक) शेजारी-शेजारी लावून ठेवलेत, एक राउटरला, एक बाहेरच्या सर्व्हरला. नेट गेलं तेव्हा राउटर उत्तर देत राहिला आणि बाहेरचा गप्प झाला. म्हणजे वाय-फाय निर्दोष. राउटरची जागा बदला, चॅनेल बदला असे जे सल्ले मिळाले होते ते तिथेच निकालात निघाले.

त्यानंतर तुम्ही १९२.१६८.१००.१ हे मॉडेमचं पान उघडलंत. खरं तर माझे आभार मुख्यतः या अर्ध्या तासासाठी आहेत, कारण तुम्ही स्क्रीन माझ्याकडे वळवलीत. येणारा सिग्नल ठीक होता, एसएनआरही (गोंगाटाच्या मानाने सिग्नल किती स्पष्ट ते). जाणारा मात्र ५१ डीबीएमव्हीवर (सिग्नलचा जोर मोजण्याचं एकक). पलीकडे नीट पोचत नाही म्हणून मॉडेमला आवाज चढवायला सांगितलं जातं, आणि पन्नाशी ओलांडली की चढवायला फारसं काही उरत नाही. कमी ऐकू येणाऱ्या आजोबांशी बोलताना होतं तसं, असं तुम्ही म्हणालात. लॉगमध्ये टी-३ टाइमआउटची रांग होती: मॉडेमने हाक मारली, उत्तर आलं नाही. असं लागोपाठ १६ वेळा झालं की तो जोडणीचं काम पहिल्यापासून सुरू करतो. आमचं 'नेट गेलं' ते हेच.

टीव्हीच्या मागचा चार फाट्यांचा जुना स्प्लिटर, म्हणजे एक केबल चार ठिकाणी वाटणारा जोड, तुम्ही काढलात. त्यात सिग्नलचे सुमारे ७ डीबी (डेसिबल) जातात, येतानाही आणि जातानाही, मग बाकीच्या फाट्यांना काही जोडलेलं असो वा नसो. जाणाऱ्या सिग्नलचा आकडा लगेच चव्वेचाळीसवर आला. दुसरा कोणी असता तर इथेच निघाला असता. तुम्ही विचारलंत, "स्प्लिटर तर दिवसभर असतो, मग नेट दुपारीच का जास्त जातं?"

त्या प्रश्नापायी तुम्ही बाहेरच्या भिंतीपाशी गेलात. तिथला एफ-कनेक्टर, म्हणजे केबलच्या टोकाचा फिरवून बसवायचा जोड, उघडल्यावर आत हिरवट गंज आणि पाण्याची खूण. ऊन चढलं की धातू प्रसरण पावतो आणि आधीच कमकुवत झालेला जोड सुटू लागतो. केबल स्वच्छ भागापर्यंत कापलीत, नवा कॉम्प्रेशन कनेक्टर बसवलात आणि जोडाच्या खाली केबलला झोल ठेवलात, म्हणजे पावसाचं पाणी तिथून निथळेल. साधी गोष्ट, पण आधीच्या माणसाने ती केली नव्हती.

जाताना एक सांगितलंत ते विसरण्यासारखं नाही. सैल जोडातून आणि मोकळ्या टोकांतून शिरलेला नॉइज (नको असलेला विद्युत गोंगाट) उलट दिशेने वर कंपनीकडे जातो आणि त्याच नोडवरच्या, म्हणजे कंपनीच्या एकाच वाटप-पेटीवरच्या, सगळ्या घरांचा एकत्र होतो. म्हणजे आमच्या भिंतीवरच्या गंजाचा त्रास शेजाऱ्यांनाही होत असू शकतो. त्यांनी कधी तक्रार केली असेल तर त्यांनाही मॉडेम बंद करून चालू करायलाच सांगितलं असणार.

पाऊस पडून गेल्यावर आणि कडक उन्हाच्या दुपारी पुन्हा एकदा ते पान बघा, असं तुम्ही म्हणाला होतात. दोन्ही वेळा बघितलं. जाणारा सिग्नल बेचाळीसच्या आसपास आहे, लॉगमध्ये नवा टी-३ नाही.

मनापासून धन्यवाद, दादा.

तुमचा एक ग्राहक