मैदान सोडून कंपनीत निघालेल्या लेकास

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या संघाचं प्रशिक्षकपद सोडून तू पुण्याच्या कंपनीत रुजू होतोयस, हे पेठेत सगळ्यांना कळलंय. जो तो विचारतो, फुटबॉलवाला ऑफिसात काय करणार? मला अमेरिकेतला बिल कॅम्पबेल आठवतो, फुटबॉलचा प्रशिक्षक होता आणि पुढे मोठमोठ्या कंपन्यांचा सल्लागार झाला.

पेनसिल्व्हेनियातल्या होमस्टेड या पोलाद कारखान्याच्या गावात १९४० साली तो जन्मला. वडील शाळेत खेळ शिकवायचे आणि वर कारखान्यातही राबायचे. त्याचा फुटबॉल आपला नव्हे. चेंडू हातात घेऊन धडका द्यायचा, अमेरिकेतला. त्या खेळात पुढच्या फळीत धिप्पाड गडी लागतात आणि हा जेमतेम पंचाहत्तर किलोचा. तरी १९६१ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचा कर्णधार झाला आणि संघाने आयव्ही लीगचं, म्हणजे तिथल्या आठ नामांकित विद्यापीठांच्या स्पर्धेचं, संयुक्त विजेतेपद मिळवलं. कोलंबियाला पुढचं विजेतेपद थेट २०२४ मध्ये मिळालं, यावरून त्याचं मोल कळेल.

१९७४ मध्ये तो तिथेच मुख्य प्रशिक्षक झाला. सहा हंगामांत १२ विजय, ४१ पराभव, एक बरोबरी. जिंकण्यासाठी जो कोरडेपणा लागतो तो आपल्यात कमी पडला, असं त्याला स्वतःलाच वाटायचं. पोरांचा जीव दुखावेल असा निर्णय त्याच्याच्याने होत नसे. हे वाचताना मला तूच दिसलास. सामना हरल्यावर तू आधी राखीव खेळाडूंजवळ जाऊन बसायचास, आणि त्यावरून तुला लोकांनी बोलही लावलेत.

१९७९ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्याने मैदान सोडलं. जाहिरात संस्था, मग कोडॅक, आणि १९८३ मध्ये ॲपल. मॅकिंटॉशची ती गाजलेली १९८४ ची जाहिरात संचालक मंडळाला पसंत नव्हती. ती दाखवावी म्हणणाऱ्यांत हा होता. १९८५ मध्ये स्टीव्ह जॉब्सला बाजूला सारलं गेलं, तेव्हा ते चूक आहे असं तो उघड म्हणाला. जॉब्सने ते लक्षात ठेवलं. १९९७ मध्ये परतल्यावर त्याने कॅम्पबेलला संचालक मंडळावर घेतलं आणि २०१४ पर्यंत तो तिथे होता. मधल्या काळात गो नावाच्या कंपनीत अपयशही आलं. तिथून उठून तो हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इंट्यूट कंपनीचा प्रमुख झाला. पुढे गूगलच्या एरिक श्मिट आणि लॅरी पेज यांना सल्ले दिले, तेही मानधन न घेता. बैठकीत कामाआधी घरच्यांची, सुट्टीत काय केलं याची चौकशी. मैदानावर जो मऊपणा नडला, त्याच्याच जोरावर एवढी मोठी माणसं त्याच्यापुढे मोकळी व्हायची. मला या माणसात सगळ्यात मोठं हेच वाटतं.

म्हणून सांगतो, कंपनीत कुणी म्हणेल, माणसांत इतका गुंतू नकोस. ऐकू नकोस. आकडे, करार, हिशेब तू शिकशील. तेवढी अक्कल तुला आहे. माया मात्र शिकून येत नाही.

आणि एक. एवढ्या व्यापातही कॅम्पबेल कॅलिफोर्नियातल्या ॲथर्टन गावच्या शाळेत आठवीच्या पोरांना फुटबॉल शिकवत होता. २०१६ मध्ये तो गेला तेव्हा त्याच शाळेच्या मैदानावर हजारांवर माणसं जमली होती. तू सुट्टीला कोल्हापुरात येशील तेव्हा तालमीतल्या बारक्या पोरांचा फुटबॉलचा सराव घे. वस्तादांशी मी बोलून ठेवलंय, सकाळी सहाची वेळ ठरलीय.

तुझे,
बाबा