‘स्टेशनवर’ म्हणजे ‘ऑन द स्टेशन’ नव्हे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या शनिवारच्या पुरवणीत सोप्या इंग्रजीचा जो चौकोन येतो तो आमच्याकडे नेमाने वाचला जातो, माझी भाची नववीत आहे, ती तो कात्रीने कापून वहीत चिकटवते आणि परीक्षेच्या आधी पाठ करते. गेल्या शनिवारी त्यात जागा सांगणाऱ्या शब्दांचा तक्ता होता. ‘मध्ये’ म्हणजे इन, ‘वर’ म्हणजे ऑन, ‘येथे’ म्हणजे ॲट, आणि खाली उदाहरण दिलं होतं, ‘आय ॲम वेटिंग ऑन द स्टेशन’. मी तिला म्हटलं, अगं हे चुकलंय. तर म्हणते, “मामा, पेपरात छापलंय, चुकेल कसं?” आता यावर मी काय बोलणार, म्हणून हे पत्र लिहितोय.

तसा दोष एकट्या तुमचा नाही. आम्ही शाळेत होतो तेव्हाही हाच तक्ता फळ्यावर असायचा आणि मी वागळे इस्टेटमध्ये एक्स्पोर्टचं काम बघतो तिथे वीस-वीस वर्षं मेल लिहिणारी माणसं आजही ‘मटेरियल इज लाइंग ऑन द पोर्ट’ लिहितात. आपण स्टेशनवर भेटतो, नाक्यावर उभे राहतो, तलावपाळीवर फिरायला जातो, साइटवर असतो, पण हा जो ‘वर’ आहे तो कशाच्या डोक्यावर चढलेला नसतो हो, तो नुसता त्या ठिकाणी असणं सांगतो, आणि इंग्रजीत त्याला ॲट लागतं. ॲट द स्टेशन, ॲट द सिग्नल. प्लॅटफॉर्मवर उभे असाल तर मात्र ऑन द प्लॅटफॉर्मच, कारण तिथे पाय खरोखर त्या फरशीवर टेकलेले असतात. ठाण्यात तर ही गंमत जास्तच आहे, स्टेशनबाहेर सॅटिसचा, म्हणजे बसेससाठी बांधलेला उंच पूल आहे, बसेस वरून सुटतात, एखाद्या परक्या माणसाला ‘ऑन द स्टेशन’ सांगितलंत तर तो बिचारा वर जाऊन शोधत बसेल.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा फरक मराठी मुलाला नव्याने शिकवायची गरजच नाही, तो त्याच्या तोंडात आधीपासून आहे, फक्त तक्त्यात दिसत नाही. घरी, घरात, घरावर हे तीन शब्द घ्या. फोनवर आपण विचारतो ‘बाबा घरी आहेत का’, तेव्हा ते हॉलमध्ये आहेत, बाल्कनीत आहेत की खाली पार्किंगमध्ये स्कूटर पुसतायत याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नसतं, हे झालं ॲट होम. घरात पाल शिरली म्हणजे चार भिंतींच्या आत शिरली, इन द हाउस. आणि पावसाळ्याआधी घरावर ताडपत्री टाकतो ते ऑन. पाल घरी शिरली असं कोणी म्हणतं का? ताई माहेरात गेली असं? ती माहेरीच जाते. सप्तमीचे प्रत्यय म्हणून आपण ‘त, ई, आ’ घोकायचो आणि विसरून जायचो, त्यातला तो ‘ई’ म्हणजे घरी, दारी, गावी, सासरी, आणि इंग्रजीतल्या ॲटचं बरंचसं काम तोच करतो. आमच्या सरांनी हे एवढं सांगितलं असतं तर माझे कितीतरी मार्क वाचले असते.

दुसरं म्हणजे गावांची नावं. आम्हाला शाळेत नियम होता, मोठ्या शहराला इन, लहान गावाला ॲट. त्यामुळे निबंधात मुंबईला इन मिळायचं आणि ठाण्याला ॲट, आणि आम्हा ठाणेकरांना त्याचा रागही यायचा. नियम जुन्या व्याकरणातला आहे, अगदी खोटा नाही, पण आज २०११ च्या जनगणनेप्रमाणे ज्या महापालिकेची वस्ती १८ लाखांच्या वर आहे तिथला माणूस ‘आय लिव्ह ॲट ठाणे’ म्हणाला तर कसं वाटतं? आणि मुद्दा आकाराचा नाहीच, त्या जागेकडे आपण कसं बघतोय त्याचा आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली पॅसेंजर गाडी ३४ किलोमीटर धावून ॲट ठाणे थांबली, आजची फास्ट लोकलसुद्धा ॲट ठाणेच थांबते, कारण गाडीच्या दृष्टीने ठाणे म्हणजे वाटेवरचा एक ठिपका. मी मात्र राहतो इन ठाणे. मराठीतही बघा, गाडी ठाण्याला थांबते आणि रिक्षाचे भाव ठाण्यात वाढतात. (ठाण्याला राहतो असंही आपण म्हणतो, मान्य आहे, भाषा थोडी ढिली असायचीच.) नवी मुंबईवाल्यांचं त्या मानाने सोपं, इन वाशी, इन सेक्टर १७, आणि प्लॉटचा नंबर आला की ॲट.

सगळ्यात जास्त घोळ ‘समोर’ने होतो आणि तो मी स्वतः घातलाय. इंग्लंडहून आमचे एक कस्टमर आले होते, त्यांना संध्याकाळी तलावपाळी दाखवायची होती. मी मेसेज टाकला, आय ॲम इन फ्रंट ऑफ गडकरी रंगायतन, म्हणजे तिथलं नाट्यगृह. मी उभा होतो रस्त्याच्या पलीकडे, छत्री धरून. ते टॅक्सीतून उतरले आणि सरळ रंगायतनच्या दाराशी जाऊन उभे राहिले. त्यांना मी दिसत नाही, मला ते दिसत नाहीत, मधे बसेस आणि रिक्षा, वर पाऊस, वीस मिनिटं आम्ही एकमेकांना ‘आय ॲम हिअर’ पाठवत होतो. शेवटी चहाच्या टपरीवर भेटलो तेव्हा त्यांनी हसत सांगितलं की तुम्ही ऑपोझिट होतात, इन फ्रंट ऑफ नव्हे. रस्त्याच्या पलीकडे तोंडासमोर असलं की ऑपोझिट, आणि त्याला पुढे टू लावायचं नाही, ऑपोझिट द थिएटर. दाराच्या लगत पुढच्या बाजूला असलं की इन फ्रंट ऑफ. आपल्या ‘समोर’मध्ये दोन्ही बसतात, म्हणून चूक झाल्याचं आपल्याला कळतही नाही.

त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी आमच्या एका पोराने सांगितलं की गेट इज ऑन द बॅकसाइड. ‘मागच्या बाजूला’ शब्दाला शब्द ठेवून आलंय ते, आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांवरसुद्धा असतं, पण तिकडे बॅकसाइड म्हणजे आपण ज्यावर बसतो ते. बिहाइंड द बिल्डिंग म्हटलं की काम होतं.

काही ठिकाणी तर मधला शब्दच नको असतो आणि आपण ‘ला’चा टू करून घुसडतो. ठाण्याला पोचलो म्हणून रीच्ड टू ठाणे. नुसतं रीच्ड ठाणे. घरी जातोय, गोइंग होम, टू नाही. अराइव्ह असेल तर शहराला इन आणि स्टेशनला ॲट.

गाड्यांच्या बाबतीत मात्र मराठी उपयोगाची नाही हे कबूल करतो. आपण बसमध्ये आणि रिक्षातही ‘आत’ बसतो, पण इंग्रजीत ऑन द बस, ऑन द ट्रेन, आणि इन अ रिक्षा, इन अ कार. ज्यात उभं राहता येतं, चालता येतं, तिथे ऑन, ही खूण मी भाचीला सांगितली तर ती म्हणाली, “मामा, सकाळच्या लोकलमध्ये कुठे चालता येतं?” उत्तर नव्हतं माझ्याकडे. आणि इन द ट्रेन म्हटलंत म्हणून कोणी फाशी देणार नाही, डब्याच्या आत काय चाललंय ते सांगताना ते चालतंच.

तर विनंती अशी की येत्या शनिवारी त्याच चौकोनात, त्याच मापात दुरुस्ती छापा, आणि जमलं तर तक्त्याच्या जागी घरी-घरात-घरावर टाका. मापाचं मुद्दाम सांगतोय, कारण भाचीने ते कात्रण फेविकॉलने चिकटवलंय, काढायला गेलो तर पान फाटेल, तिला नवीन तुकडा बरोब्बर त्याच्यावर चिकटवायचाय.

आपला नम्र,
एक वाचक, नौपाडा, ठाणे पश्चिम