थांबली म्हणून लाल खूण

नागपूर,
२० नोव्हेंबर

प्रिय सुलू,

तुझं पत्र येऊन महिना झाला गं. यंदा माझ्याकडे दुसरी आहे आणि परवाच वाचन पडताळणी झाली, तेच डोक्यात घोळतंय.

२०२१ मध्ये निपुण भारत, म्हणजे तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि गणित यावं यासाठीचं केंद्राचं अभियान, आलं तेव्हा तू फोनवर चिडली होतीस, "दुसरीच्या लेकरानं मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचायचे? शर्यत आहे का?" मी बाजू घेतली होती, आजही घेते. त्याआधी पाठ केलेला धडा घडाघडा म्हणणारी पोरं मी 'वाचता येतं' असं धरून पुढे ढकलली. पाचवीत त्यांना फळ्यावरचं साधं वाक्य लागेना. ते मला अजून टोचतं. एकेकाला जवळ बसवून ऐकायची सवय मला या अटीनंच लागली.

पण परवाचं ऐक. उतारा बाजाराचा होता. पारडीकडून येणारी माझी एक मुलगी नीट वाचत होती, 'कोथिंबीर'पाशी थांबली. मान वर करून म्हणाली, "मॅडम, म्हणजे सांबार ना?" आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. पडताळणीला आलेल्या साहेबांच्या मोबाइलवर सेकंद पळतच होते. ३८ शब्द, लाल खूण. पुढच्या मुलानं ५८ शब्द सपाट्यानं वाचले. आईनं बाजारातून काय आणलं विचारलं, तर गप्प. खूण हिरवी! उद्दिष्टात 'अर्थासह वाचन' असं स्पष्ट आहे, सुलू. तक्त्यात मात्र आकड्याचा एकच रकाना.

आमच्याच इमारतीत हिंदी माध्यमाचे वर्ग भरतात. डबा खाताना तिथल्या बाईंनी आणि मी एक वाक्य मोजून पाहिलं. 'आम के पेड़ के नीचे बच्चे खेल रहे थे' हे नऊ शब्द. 'आंब्याच्या झाडाखाली मुलं खेळत होती' हे पाच. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, मग आपल्या लेकराला एकेका शब्दात दोन-तीन शब्दांचं ओझं उचलावं लागतं. मार्च २०२२ च्या पायाभूत अध्ययन सर्वेक्षणात २० भाषांसाठी वाचनाचे वेगवेगळे मापदंड ठरले होते, म्हणजे वरच्यांना हे ठाऊक आहे. आमच्या तक्त्यापर्यंत ते पोचलं नाही.

स्टाफरूममध्ये दोन तट पडलेत. निवृत्तीला आलेल्या बाई म्हणतात, "इतकी वर्षं आम्ही काय करून राहिलो होतो मग?" नवे सर रोज एकच उतारा घोकून घेतात. मला दोघांचाही राग येत नाही. लाल खुणेची भीती दोघांनाही सारखीच आहे, आणि ती भीती शेवटी लेकरांच्या वाचनात उतरते.

मी आता प्रत्येकासाठी एक वेगळा कागद ठेवलाय. वर शब्दसंख्या, खाली मूल कुठे थांबलं आणि काय बोललं. त्या मुलीच्या कागदावर पहिली नोंद 'सांबार'. तुझ्या वर्गातले असे थांबे मला लिहून पाठव. दहा-बारा जमले, तर पुढच्या शिक्षण परिषदेत मांडीन म्हणते.

काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
विजू