वलय उघडतं तेव्हा

त्रिएस्ते, इटली

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर म्हणालास, "एका लेसरसाठी एवढी लांबलचक इमारत?" तेव्हा घाईत होतो, आता सविस्तर लिहितो.

नेहमीच्या लेसरमध्ये इलेक्ट्रॉन अणूत अडकलेले असतात, म्हणून ठरावीकच रंग मिळतात. शिवाय तरंगलांबी १०० नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश) खाली गेली की काच प्रकाश गिळून टाकते आणि धड आरसेही मिळत नाहीत. इथल्या 'फर्मी' नावाच्या लेसरमध्ये इलेक्ट्रॉन मोकळे असतात. त्यांना जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पळवायचं आणि चुंबकांच्या रांगेतून नागमोडी न्यायचं, की ते प्रकाश देतात. चुंबकांमधली फट बदलली की तरंगलांबी बदलते. लांबी लागते ती या पळापळीला! एरवी असा प्रकाश गोंगाटातून वाढतो आणि दर स्पंदाची, म्हणजे प्रकाशाच्या दर क्षणिक झोताची, तऱ्हा वेगळी. इथे आधी दुसऱ्या लेसरचं विरजण लावतात, म्हणून स्पंद एकसारखे येतात. मला यंत्राची खरी कमाल त्यातच वाटते.

आता तुझ्या कामाचं. थायोफिनोन हे गंधक असलेलं पाच अणूंचं वलय. एका आंतरराष्ट्रीय गटानं इथे त्याच्या वाफेवर २६५ नॅनोमीटरचा स्पंद मारला आणि थोड्या विलंबानं फर्मीचा, १९.२४ इलेक्ट्रॉन व्होल्टचा (हे ऊर्जेचं एकक). दुसरा स्पंद रेणूतला इलेक्ट्रॉन उडवतो. तो लांब नळीतून शोधकापर्यंत किती वेळात पोचला, यावरून त्याची ऊर्जा कळते आणि त्यावरून रेणूची त्या क्षणीची अवस्था. विलंब बदलत जायचं, दर वेळी नवा आलेख.

एवढी ऊर्जा कशाला? कमी ऊर्जेच्या फोटॉनना उत्तेजित रेणू दिसतो, पण तो मूळ पातळीवर उतरला की निसटतो. १९ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या फोटॉनपुढे तयार झालेला माल लपत नाही.

२०२० साली 'नेचर केमिस्ट्री' या संशोधनपत्रिकेत निकाल आला. कार्बन-गंधक बंध ताणत जाऊन वलय ३५० फेम्टोसेकंदांच्या आत उघडतं (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दहा लाखावा भाग). गंमत पुढेच आहे. तू फळ्यावर एक बाण काढून एकच उत्पादन लिहितोस ना? इथे उघड्या साखळीचे बरेच प्रकार निघाले, आणि काही रेणू पुन्हा मिटून, जबर कंप पावत, वलयच राहिले. नुसत्या आलेखावरून हे सगळं वेगळं काढता आलं नसतं, सगळ्यांच्या खुणा एकमेकींवर चढतात. संगणकावरच्या आकडेमोडीनं निवाडा केला. नाव यंत्राचं होतं, पण निम्मं श्रेय ही आकडेमोड करणाऱ्या मंडळींचं, असं माझं मत.

चीनमध्ये दालियानलाही असंच यंत्र आहे, ५० ते १५० नॅनोमीटरचं. तिथे पाण्याच्या दोन-चार रेणूंचे विद्युतभाररहित पुंजके तपासतात. भार नसल्यामुळे ते वजनानुसार निवडता येत नाहीत. म्हणून आधी अवरक्त प्रकाशानं हलवायचे, मग जेमतेम पुरेल एवढ्याच ऊर्जेच्या अतिनील फोटॉननं भार द्यायचा आणि मोजायचे.

तुझ्या बारावीच्या पोरांना थायोफिनोनचं सांगून बघ. त्यांचे प्रश्न जसेच्या तसे पाठव, वेडेवाकडे असले तरी. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मकरंद