वाळूचं घड्याळ आडवं ठेवणाऱ्या बाईंना

कीरिया,

ग्रीसमधल्या पिरियस बंदराजवळच्या आपल्या निकेआत सगळे तुम्हाला याच नावाने हाक मारतात, तुमच्या हाताखाली शिकून आता स्वतः बाप झालेलेसुद्धा. माझी आई मात्र पहिल्या दिवसापासून त्याचं मराठी करून तुम्हाला 'बाई' म्हणते. हे पत्र मी मराठीत लिहिते आहे. मनातलं नीट सांगता येतं ते याच भाषेत, आणि माझ्या माणसांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे. तुमच्यासाठी ग्रीकमध्ये उतरवून काढीन आणि तुमच्याच स्वयंपाकघरात बसून वाचून दाखवीन.

प्रश्नमंजूषेच्या त्या संध्याकाळी तुम्ही टेबलावरचं वाळूचं घड्याळ उचलून आडवं ठेवलंत, त्यासाठी हे आभार. बाकी तुम्ही पुष्कळ केलंत, तेही येईल पुढे. पण आई गावी परत गेल्यापासून फोनवर रोज तेच सांगते. 'बाईंनी माझ्यासाठी वेळ थांबवला गं.' शेजारणींना सांगते, दूधवाल्याला सांगते. ते ऐकताना माझा गळा अजून भरून येतो, म्हणून लिहायला इतका उशीर झाला.

आधी काय झालं होतं ते तुम्हाला ठाऊक नाही. बाबा गेल्यावर आईला मी इकडे घेऊन आले. नवरा जहाजावर, मी दिवसभर कामावर, आणि आई पिरियसच्या थंडीत खिडकीशी बसलेली. चार माणसांत मिसळावी म्हणून तिला डिसेंबरात एका सांस्कृतिक मंडळाच्या नाताळच्या कार्यक्रमाला नेलं. दारातल्या बाई मला म्हणाल्या, 'सगळं ग्रीकमध्ये आहे, त्यांना कंटाळा येईल.' आणि आईला कोट टांगायच्या स्टँडजवळच्या खुर्चीवर बसवलं. रांगेत सगळ्यांना कॉफी आली, तिच्यापर्यंत ट्रे पोचलाच नाही. त्याआधी अॅक्रोपोलिसवर एका गाइडने, मी आईच्या कानात सांगत होते तर, 'नंतर घरी सांगा' म्हणून मला गप्प केलं होतं. परक्यांचं जाऊ दे, आपल्या लोकांच्या मेळाव्यातही तेच. तिथे मोबाइलवर बोट आपटून सिनेमांची नावं ओळखायचा खेळ होता. आईला प्रश्न समजेपर्यंत पुढचा प्रश्न यायचा. शेवटी कुणीतरी प्रेमळ आवाजात म्हणालं, 'काकू, तुम्ही टाळ्या वाजवा.' आई वाजवत राहिली. यातल्या कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मला कळतं. पण म्हाताऱ्या माणसाला हळूच बाजूला सारणं वाईट मनाशिवायही फार छान जमतं, आणि त्याचा मला आजही राग आहे.

म्हणून तुम्ही जिन्यात भेटून 'प्रश्नमंजूषेला आईला घेऊन ये' म्हणालात तेव्हा मी टाळत होते. 'तिला ग्रीक येत नाही' म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, 'गोष्टी तर येत असतील.'

नवीन वर्ष लागून दोनतीन दिवस झाले होते. तळमजल्यावरची ती खोली, भिंतीवर ग्रीसचा मोठा नकाशा आणि त्यावर टाचणीने लावलेली पुठ्ठ्याची होडी. इथे नाताळात झाडाच्या जोडीने होडी सजवायची जुनी रीत आहे, हे आईला तुम्हीच सांगितलंत. बरोबर उत्तर आलं की होडी पुढच्या मुक्कामाला. एलेफ्सिनाहून निघून डोंगर, बेटं पालथी घालत सहा जानेवारीला पिरियसच्या धक्क्यावर पोचायचं. त्या दिवशी पाद्री समुद्रात क्रूस टाकतात आणि पोरं थंड पाण्यात उड्या घेऊन तो वर काढतात. मी तुमच्या वाक्यांचं आईच्या कानात मराठी करत होते. मला कुणी गप्प केलं नाही. उलट प्रत्येक प्रश्नानंतर तुम्ही माझे ओठ थांबेपर्यंत वाट पाहायचात आणि मगच घड्याळ उलटं करायचात. हे माझ्या लक्षात आलं होतं.

पहिला मुक्काम एलेफ्सिना. आज तिथे तेलशुद्धीकरणाचे कारखाने दिसतात, पण धान्याची देवी डिमीटर हिचं देऊळ तिथलंच. पाताळात नेलेली तिची लेक पर्सेफोनी डाळिंबाचे दाणे खाऊन बसली म्हणून वर्षातला काही काळ तिला परत जावं लागतं, आणि तेवढे दिवस लेकीसाठी झुरणारी आई जमिनीतून काही उगवू देत नाही. हे आईला लगेच पटलं. मग अल्कियोनी. तिचा नवरा समुद्रात बुडाला, ती खंड्या पक्षी झाली, आणि ऐन हिवाळ्यात तिला अंडी उबवता यावीत म्हणून वारा पडतो. जानेवारीतल्या त्या उबदार, निवांत दिवसांना अजून तिचंच नाव आहे. हे उत्तर मी दिलं. माझा नवरा तेव्हा बिस्केच्या उपसागरात होता, आणि तुम्ही होडी सरकवताना माझ्या खांद्यावर हात ठेवलात.

कालिकांत्झारींवर तर आई खूशच झाली. ही काळी, केसाळ भुतं वर्षभर जमिनीच्या पोटात बसून जगाला तोलून धरणारं झाड करवतीने कापत असतात. झाड पडायच्या बेताला येतं आणि नाताळ लागतो. मग ती काम टाकून माणसांना छळायला वर येतात. बारा दिवसांनी, पाणी पवित्र झालं की, खाली पळतात, तर झाड पुन्हा धडधाकट. त्यांना घराबाहेर ठेवायचं तर चूल विझू द्यायची नाही, आणि उंबऱ्यावर चाळणी ठेवायची. भूत चाळणीची भोकं मोजत बसतं. तुमचा प्रश्न होता की मोजणं पुरं का होत नाही. कारण तीन हा आकडा पवित्र, तो त्याच्या तोंडातून निघत नाही. एक, दोन, परत एक, दोन, तोवर उजाडतं. आई इतकी हसली की पलीकडच्या टेबलावरचे आजोबाही हसायला लागले. बाबा गेल्यानंतर मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

आणि मग होडी वायव्य ग्रीसमधल्या एपिरसला गेली, आर्ताच्या पुलापाशी.

तुम्ही ते जुनं गाणं म्हणून दाखवलंत. पंचेचाळीस गवंडी, साठ शिकाऊ पोरं, आराख्थोस नदीवर पूल बांधतायत. दिवसभर बांधायचं आणि रात्री कोसळायचं. शेवटी माणसाच्या आवाजात बोलणारा एक पक्षी सांगतो, माणूस पुरल्याशिवाय पूल उभा राहणार नाही, आणि तोही परका चालणार नाही, मुख्य गवंड्याची बायकोच हवी. तिला बोलावून आणतात. नवऱ्याची अंगठी पुलाच्या पायात पडली आहे, ती काढून दे म्हणून आत उतरवतात आणि वरून दगड, चुना टाकायला लागतात. ती तळतळून शाप देते. माझं काळीज थरथरतंय तसा हा पूल थरथरो, यावरून जाणारे पानांसारखे गळून पडोत. तुम्ही तिथे थांबलात आणि विचारलंत, 'हा शाप तिने मागे घेतला. कुणासाठी?'

आमच्या टेबलावर कुजबूज सुरू झाली. मुलासाठी? नवऱ्यासाठी? मी आईला शेवटचं वाक्य सांगून संपवते तोच ती म्हणाली, 'भाऊ असेल तिचा. परदेशी असेल.'

मी ते ग्रीकमध्ये सांगितलं आणि खोली गप्प झाली. उत्तर तेच होतं. तिचा एकुलता भाऊ परमुलखात आहे, उद्या तो याच पुलावरून यायचा, म्हणून ती दगडाखालून शब्द फिरवते.

तुम्ही आईला विचारलंत, 'तुम्हाला कसं कळलं?' तोवर घड्याळात पुढच्या प्रश्नाची वाळू पडायला लागली होती. पलीकडून कुणीतरी 'वेळ!' म्हणालं. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंही नाही. घड्याळ उचललंत, आडवं ठेवलंत, ते गडगडू नये म्हणून शेजारी मेलोमाकारोनाची, म्हणजे मधातल्या नाताळच्या बिस्किटांची, बशी टेकवलीत आणि खुर्ची ओढून आईसमोर बसलात.

मग आई बोलली. मामा मस्कतला गवंडीकामाला गेला आणि तिकडेच वारला, हे तिने सांगितलं. आईने त्याला शेवटचं पाहिलं ते मुंबईच्या विमानतळावर, काचेपलीकडे. जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडी नवऱ्याआधी भाऊ येतो, हेही सांगितलं. आणि नंतर ती पुरंदरवर आली. तिचं माहेर गडाच्या पायथ्याचं. बहामनी काळात गडाचा शेंदऱ्या बुरूज बांधत होते, तो पुन्हापुन्हा ढासळायचा. बेदरच्या राजाला स्वप्न पडलं की ज्येष्ठ मुलगा आणि त्याची बायको पायात गाडल्याशिवाय बुरूज उभा राहायचा नाही. बहिरनाकाचा मुलगा नाथनाक आणि सून देवकाई, दोघांना जिवंत गाडलं. आई म्हणाली, 'स्वप्न राजाला पडलं आणि पोरं आमच्या महारवाड्यातली गेली.' मी भाषांतर करताना अडखळले, कारण महारवाडा म्हणजे काय हे एका वाक्यात सांगता येईना. तुम्ही घाई केली नाहीत. मी सांगितलं, जमेल तसं, वेशीबाहेर ठेवलेल्या माणसांबद्दल. तेवढा वेळ खोलीतल्या एकानेही मोबाइल काढला नाही.

आईचं झाल्यावर तुम्ही म्हणालात, 'आमच्या गाण्यात त्या बाईला नाव नाही. मुख्य गवंड्याची देखणी बायको, एवढंच म्हणतो आम्ही. तुमच्याकडे नाव राहिलं.' आणि उठून नकाशावर आर्ताच्या शेजारी पेन्सिलीने ग्रीक अक्षरांत 'देवकाई' लिहिलंत. आईने मला तीनदा विचारलं, नीट लिहिलंय ना.

त्या संध्याकाळी कोण जिंकलं मला आठवत नाही. वासिलोपिता, म्हणजे आत नाणं लपवलेला नव्या वर्षाचा केक, कापली, त्यातलं नाणं एका शाळकरी मुलीला मिळालं, आईला दुसरा तुकडा आग्रहाने वाढलात. घरी येताना ती जिन्यात थांबून म्हणाली, 'मला आज कुणी पाहुणी केलं नाही, शिकवणारी केलं.'

कीरिया, तुमच्या होमरमध्ये एक गोष्ट मला नेहमी भावते. हरवलेल्या बापाच्या, ओडिसियसच्या, शोधात टेलेमाखस पायलोसला उतरतो तेव्हा तिथला म्हातारा राजा नेस्टर आधी त्याला जेवू घालतो, आणि पोट भरल्यावर म्हणतो, आता विचारायला हरकत नाही, पाहुणे हो, तुम्ही कोण? एकडोळ्या राक्षस पॉलिफेमसच्या गुहेत उलटं. तिथे पहिला प्रश्नच 'कोण तुम्ही, कुठून आलात', आणि जेवण म्हणजे पाहुणेच. माणुसकी माणसाच्या भाषणात दिसत नाही, तो कशाच्या आधी काय करतो त्यात दिसते. आम्हाला दोन्ही प्रकारची दारं भेटली. कागद, पत्ता, भाषेची पातळी आधी विचारणारी पुष्कळ.

तुमची आजी १९२२ च्या सप्टेंबरात जळत्या स्मिर्नाहून, म्हणजे आज तुर्कस्तानात असलेल्या इझमीरहून, बोटीने इथे उतरली, हे तुम्ही आईला सांगितलंत. निकेआ तिच्यासारख्या निर्वासितांनीच वसवलं, आणि त्यांची भाषा ग्रीक, देव तेच, तरी इथल्या लोकांनी त्यांना 'तुर्कांचं बियाणं' म्हणून हिणवलं. आजी कोपऱ्यात बसायची, तिला कुणी काही विचारायचं नाही, असं म्हणून तुम्ही विषय बदललात. पण मला तिथेच कळलं की घड्याळ आडवं करायला तुमचा हात इतका सहज का गेला. अपमान सोसलेल्या घरातून कडवटपणाही येऊ शकतो, मी तो पाहिला आहे. तुमच्या घरातून ही सवय आली. ती तुम्ही जपलीत, चाळीसभर पोरांच्या वर्गात वापरलीत आणि शेवटी माझ्या आईपर्यंत आणलीत. अशा माणसांचे सत्कार होत नाहीत. कुणी त्यांना विचारतही नाही की तुम्ही इतकी वर्षं इतकं नीट कसं वागलात. मी विचारते आहे, आणि पाया पडते आहे.

एक निरोप आहे आईचा. पुढच्या हिवाळ्यात प्रश्नांमध्ये पुरंदर घालणार असं तुम्ही म्हणाला होतात. बुरुजाचा फोटो मावसभावाने काढून पाठवला आहे, तो सोबत देते. आई म्हणते, बाईंना सांग, नकाशावर एकटी देवकाई नको. नाथनाकही त्याच दगडांखाली आहे, त्याचंही नाव लिहा. ग्रीक अक्षरं मी या पत्रामागे काढून ठेवली आहेत.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची मराठी मुलगी