ज्योतिप्रसादांचा आवाज

तेजपूर,
१८ जानेवारी

प्रिय दोस्ता,

बदली होऊन इकडे निघालो तेव्हा तू बजावलं होतंस, तिथला नाटकवाला गाठ आणि मला सविस्तर कळव. गाठावा लागलाच नाही. काल पहाटे फाटकापलीकडची सुपारीची झाडंसुद्धा दिसू नयेत इतकं धुकं होतं, आणि त्यातून पोरांचं गाणं ऐकू आलं. बाहेर आलो तर शाळेतली मुलं, गळ्यात गामोसा म्हणजे आसामी पंचा, बोटं गारठलेली. घरमालकीणबाई फाटकाशी उभ्या राहून त्यांच्याबरोबर म्हणत होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, पण एक शब्द अडखळला नाही. नंतर चहा देताना त्यांनी अर्थ सांगितला: लुइतच्या काठची पोरं आम्ही, मरणाला भीत नाही. लुइत म्हणजे ब्रह्मपुत्रा.

हे गाणं आसामी नाटककार आणि चित्रपटकार ज्योतिप्रसाद आगरवाला यांचं. १७ जानेवारी १९५१ रोजी कर्करोगाने ते इथेच, तेजपूरला गेले, वयाच्या ४७ व्या वर्षी. हा दिवस आसामात शिल्पी दिवस म्हणून पाळतात; शिल्पी म्हणजे कलावंत.

आडनाव वाचून तू चमकशील. पणजोबा राजस्थानातून व्यापाराला आले, आसामी मुलीशी लग्न केलं आणि इथलेच झाले. आजोबा हरिविलास यांनी आसामचे संतकवी शंकरदेव यांच्या पोथ्या छापून घराघरांत पोचवल्या. १९०३ साली तामुलबारीच्या चहामळ्यात जन्मलेल्या या मुलाने चौदाव्या वर्षी पहिलं नाटक लिहिलं, उषा-अनिरुद्धाच्या कथेवर. उषेचा बाप बाणासुर, त्याचं शोणितपूर म्हणजेच हे तेजपूर, अशी इथली श्रद्धा. ‘शोणित’ म्हणजे रक्त आणि आसामीत ‘तेज’ म्हणजेही रक्त, म्हणजे नावही तेच.

असहकाराच्या लाटेत शाळा सुटली, पुढे अर्थशास्त्र शिकायला एडिंबरोला गेले, पदवी न घेताच निघाले आणि परतताना काही महिने बर्लिनच्या स्टुडिओत सिनेमाचं तंत्र शिकले. इथे आल्यावर चळवळ. १९३२ मध्ये १५ महिन्यांची कैद आणि ५०० रुपये दंड.

आता तुझ्यासाठीची गोष्ट. तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी पहिला आसामी चित्रपट काढला, ‘जयमती’. आपल्याकडे मराठी बोलपट १९३२ ला आला, पण आपल्याजवळ स्टुडिओ होते, तंत्रज्ञ होते. इथे काहीच नव्हतं. गोहपूरजवळच्या भोलागुरी या आपल्या चहामळ्यात त्यांनी उघड्यावर स्टुडिओ उभारला, बांबूच्या चटया बांधून, आणि नाव ठेवलं ‘चित्रबन’. कथा सतराव्या शतकातली. राजाच्या माणसांना पळून गेलेला राजपुत्र गदापाणी हवा आहे. त्याची बायको जयमती हिला जेरेंगाच्या माळावर बांधून हाल हाल करतात, तो कुठे आहे ते विचारतात. ती सांगत नाही. शेवटपर्यंत तोंड उघडत नाही आणि तशीच मरते. कैदेतून आलेल्या माणसाने हीच कथा का निवडली असेल, ते प्रेक्षकांना वेगळं सांगावं लागलं नसणार.

चित्रीकरण संपवून ते लाहोरला गेले, आणि तिथे कळलं की अर्ध्या चित्रपटाला आवाजच नाही. नटमंडळी आसामात, पैसे संपत आलेले. मग त्यांनी स्टुडिओ भाड्याने घेतला आणि एका दिवसात सहा हजार फूट फिल्मला सगळ्या पात्रांचे आवाज स्वतः दिले. पुरुषांचे, बायकांचेही. जिच्या न बोलण्यावर सगळी कथा उभी, तिलाही बोलताना त्यांचा कंठ द्यावा लागला! कालपासून माझ्या मनातून हे जात नाही. तू पडद्यामागून कितीदा प्रॉम्प्टिंग केलंयस, तुला त्या दिवसाचा शीण कळेल.

१९३५ ला चित्रपट लागला आणि ज्योतिप्रसाद कर्जात बुडाले. पण खरी किंमत मोजली ती आयदेउ हँडिकने. जयमती झालेली ही खेड्यातली मुलगी. पडद्यावर परक्या पुरुषाला नवरा म्हणून हाक मारली, एवढ्यावरून गावाने तिला वाळीत टाकलं. लग्न झालं नाही. २००२ साली ती गेली. ज्योतिप्रसादांवर माझा कितीही जीव जडला तरी या बाईपाशी येऊन मी थांबतो. तिचं नाव त्यांच्या नावाइतक्याच मोठ्याने घ्यायला हवं.

१९४२ ला ते भूमिगत झाले. २० सप्टेंबरला त्याच गोहपूरच्या ठाण्यावर तिरंगा घेऊन निघालेली सतरा वर्षांची कनकलता बरुआ गोळीने पडली, पाठोपाठ मुकुंद काकती. त्या दिवसांवर त्यांनी पुढे ‘लभिता’ हे नाटक लिहिलं, एका साध्या खेडवळ मुलीचं. पुन्हा बाईच! त्यांच्या नाटकांत राजपुत्र असतात, पण निर्णय बायका घेतात.

हरवला म्हणून सोडून दिलेल्या ‘जयमती’ची सात रिळं पुढे त्यांच्या धाकट्या भावाला घरच्या गॅरेजात सापडली. 

घरमालकीणबाईंच्या मदतीने मी त्यांचं ‘कारेङर लिगिरी’ हे नाटक मराठीत उतरवायला घेतलंय. लिगिरी म्हणजे राजवाड्यातली दासी. पहिला प्रवेश सोबत जोडतो आहे. मुलांना बसवून मोठ्याने वाचून घे, आणि त्यातल्या शेवालीचं काम करणारी मुलगी कुठे अडते ते खुणा करून कळव. तिची वाक्यं मला अजून जमलेली नाहीत.

वहिनींना नमस्कार, पिल्लाला आशीर्वाद.

तुझाच