पाटी यंत्रावर कापता येते. ती पावसाळ्यात टिकायला हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दारावरच्या गोल तोरणावर लावायच्या नक्षीदार लाकडी पाट्या डाय-कटिंग यंत्रावर घरच्या घरी करता येतात, बचत गटांना त्यातून चार पैसे मिळतील, अशा अर्थाचा मजकूर हल्ली वारंवार वाचायला मिळतो. पैसे मिळतील हे खरे आहे. राज्यात 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून गणपतीत लाकूड, कागद, बांबू आणि काथ्याच्या वस्तूंना मागणी आहेच. पण या मजकुरात यंत्राचा फोटो मोठा असतो आणि लाकडाविषयी एक ओळही नसते. मालवण, वेंगुर्ले, कुडाळच्या हवेत घोडे अडते ते लाकडापाशीच. म्हणून हे पत्र.

आधी यंत्राविषयी. या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक दांडा फिरवायचे रोलरचे यंत्र, सिझिक्सच्या बिग शॉटसारखे. त्यात पोलादी पात्याची तयार डाय (म्हणजे आकाराचा साचा) घालून आकार दाबून कापतात. दुसरे संगणकाला जोडायचे, क्रिकट मेकरसारखे. त्यात डाय नसतेच, बारीक सुरी रेषेवरून पुन्हा पुन्हा फिरते. पहिल्याला वीज लागत नाही, पण डायचा जो आकार असेल तोच मिळतो. दुसऱ्यावर हवा तो आकार निघतो, पण कापता कापता वीज गेली की सुरीची जागा हरवते आणि तुकडा बहुधा वाया जातो. पावसात आपल्याकडे वीज किती टिकते हे वाचकांना सांगायला नको.

दांड्याच्या यंत्रात खाली कटिंग पॅड, त्यावर पाते वर करून डाय, डायवर लाकडाचा पत्रा आणि सर्वात वर दुसरा पॅड, असा थर लावायचा. पत्रा दीड मिलिमीटरचा बाल्सा (अतिशय हलके, मऊ लाकूड) असेल तर काम सहज होते. दोन-तीन मिलिमीटरचे प्लायवूड किंवा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला फळा) या यंत्रात घालूच नये. दांडा जड लागला म्हणजे थर जाड झाला आहे. जोर लावला तर पॅड तडकतो, नाहीतर रोलर वाकतो. डाय सरळ न ठेवता थोडी तिरकी ठेवावी. सरळ ठेवली तर पात्याची लांब बाजू एकदम रोलरखाली येते, आणि ती लाकडाच्या रेषेला, म्हणजे तंतूंच्या दिशेला, समांतर असली तर कापण्याऐवजी पाचरीसारखी आत घुसून पत्रा चिरते. पॅड दर वेळी उलटा करावा, नाहीतर तो एका बाजूला वाकतो आणि मग मधला भाग अर्धवट कापला जातो. आणखी एक सूचना: लग्नपत्रिका व खोके करणाऱ्या छापखान्यातून डाय बनवून घ्यायचा मोह होतो. तिथल्या डायचे पाते साधारण 23.8 मिलिमीटर उंच असते, ते प्रेसच्या मापाचे. घरगुती यंत्राच्या फटीत ती डाय जात नाही.

संगणकाच्या यंत्राची मर्यादा जाडीची आहे. क्रिकट मेकरच्या नाईफ ब्लेडला, म्हणजे लाकूड कापायच्या सुरीला, 2.4 मिलिमीटरपेक्षा जाड लाकूड चालत नाही, आणि पत्रा 11 इंचांपेक्षा रुंद नको. बासवूड (हेही मऊ लाकूडच) किंवा बाल्सा घट्ट चिकटणाऱ्या मॅटवर ठेवून चारही कडांना मास्किंग टेप लावावी. रोलरवरची पांढरी चाके उजवीकडे सरकवावीत, नाहीतर मऊ लाकडावर त्यांचे वळ उमटतात. सुरी एका फेरीत आरपार जात नाही. दहा, कधी वीस फेऱ्या लागतात, आणि हाताच्या पंजाएवढ्या पाटीला अर्धा-पाऊण तास जाऊ शकतो. सर्वाधिक नुकसान होते ते शेवटी: यंत्र थांबले की लोक मॅट बाहेर ओढतात आणि कट अर्धा राहिल्याचे नंतर दिसते. मॅट आत असतानाच एक कोपरा टोकदार पिनेने उचलून पाहावा. निघाला नाही तर तिथूनच आणखी दोन फेऱ्या द्याव्यात. एकदा मॅट बाहेर आली की सुरी पुन्हा त्याच रेषेवर येत नाही.

आता अक्षरे. यंत्रांसोबत येणारे बहुतेक नमुने रोमन अक्षरांचे असतात आणि शिकवणारेही त्यावरच शिकवतात. देवनागरीचे गणित निराळे आहे. शिरोरेषेमुळे शब्द एकसंध राहतो, हा मोठा फायदा. पण फाँटमध्ये प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेषा घेऊन येते आणि ती शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. हे तुकडे एकत्र जोडले नाहीत तर सुरी दोन अक्षरांच्या सांध्यावर शिरोरेषाच कापते, आणि ‘मोरया’ची तीन सुटी अक्षरे हातात येतात. उपाय सोपा आहे. शब्द इंकस्केप या चित्रे काढायच्या संगणक प्रणालीत युनिकोड फाँटने टाइप करावा, ऑब्जेक्ट टू पाथ करावे (म्हणजे अक्षरांचे आकार होतात), ग्रुप सोडवावा, सगळे निवडून युनियन करावे (म्हणजे तुकडे एकसंध होतात) आणि एसव्हीजी म्हणून जतन करावे. यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतल्यावर माप पुन्हा तपासावे. बरेचदा ते बदललेले असते.

अनुस्वार, विसर्ग आणि चंद्रबिंदू शब्दाला चिकटलेले नसतात, त्यामुळे कापल्यावर गळून पडतात. ‘मंगलमूर्ती’वरचा अनुस्वार खाली ओढून शिरोरेषेवर दोन मिलिमीटर चढवावा, मगच युनियन करावे. ‘नमः’चा विसर्ग मागे पाटी असल्याशिवाय टिकवता येत नाही. ‘र्ती’मध्ये रफार आणि वेलांटी यांच्यामधली फट इतकी बारीक असते की तिथले लाकूड चुरा होऊन निघते. ती फट भरून टाकावी. वाचणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

मापाचा हिशेबही आधी करावा. नाईफ ब्लेडसाठी कोणताही भाग पेन्सिलीच्या जाडीपेक्षा, म्हणजे सुमारे सात मिलिमीटरपेक्षा, अरुंद नको. काना सात मिलिमीटरचा धरला तर ठळक फाँटमध्ये अक्षराची उंची पाच सेंटिमीटरच्या आसपास जाते. त्या मापात ‘मोरया’ बसते, ‘श्री’ बसते. ‘श्री गणेशाय नमः’ एका ओळीत 11 इंचांत बसवायला गेलात तर अक्षरे तोडून मोडतील इतकी बारीक करावी लागतात.

लाकडाची रेषा कोणत्या दिशेने ठेवायची हाही नेहमीचा प्रश्न. रेषा शिरोरेषेला समांतर ठेवावी; शिरोरेषा तुटली तर सगळा शब्दच गेला. पण मग प्रत्येक काना रेषेला आडवा येतो आणि नखाने दाबला तरी कट्कन मोडतो. ‘या’चा काना हातात धरून पाहा, तो कुठे मोडणार हे मोडण्याआधीच दिसते: शिरोरेषेच्या बरोबर खाली. यासाठी कापण्याआधी पत्र्याच्या मागे जाड खाकी कागद दुहेरी चिकटपट्टीच्या शीटने लावावा. कागद आडव्या थराचे काम करतो. पाण्याचा फेविकॉल एकाच बाजूला लावला तर पातळ पत्रा तासाभरात पन्हळीसारखा वळतो, म्हणून चिकटपट्टी बरी.

तरीही आमचे स्पष्ट मत असे की छोट्या गटांनी कापलेल्या अक्षरांच्या मागे लागू नये. पाटीचा आकार यंत्राने कापावा (आंब्याचे पान, कमळ, मोदक, नाताळासाठी तारा) आणि अक्षरे कुंचल्याने रंगवावीत. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडावर रंग देणारे हात आजही आहेत. कुंचल्याने काढलेल्या वळणदार ‘श्री’ला जो भाव मिळतो तो कारखान्यातून लेझरने कापून आलेल्या अक्षरांना मिळत नाही, आणि लेझरशी किमतीत स्पर्धा करायला जाणे हे गटाच्या मुळावर येईल.

स्थानिक लाकूड वापरा, हा सल्लाही सरसकट दिला जातो. सावंतवाडीच्या खेळण्यांना पांगारा चालतो, कारण तो हलका आणि मऊ आहे. शिवणही छान. पण खेळणे ठोकळ्यातून निघते, पाटीला दीड-दोन मिलिमीटरचा सारखा पत्रा लागतो. साध्या करवतीवर तो एका टोकाला दीड आणि दुसऱ्या टोकाला अडीच मिलिमीटर निघतो. तो यंत्रात घातला तर पातळ बाजू कापली जाते आणि जाड बाजू नुसती दबते. थिकनेस प्लेनर असलेल्या सुतारखान्यातून पत्रे रंधून घ्यावेत, आणि प्रत्येक पत्रा चारही कोपऱ्यांत व्हर्नियरने मोजून घ्यावा. ते जमत नसेल तर बाल्सा विकत आणणे स्वस्त पडते.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ओल. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर हवेतली आर्द्रता 85-90 टक्क्यांवर असते आणि उघडे लाकूड 18 ते 20 टक्के ओलाव्यावर जाऊन थांबते. कोरड्या हवेत तेच 10-12 टक्क्यांवर येते. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलते. रेषेला आडवी सहा इंच रुंद पाटी 12 वरून 18 टक्क्यांवर गेली की दोन-तीन मिलिमीटरपर्यंत फुगू शकते. चाकरमान्यांबरोबर पुण्याला गेलेली पाटी उलट आक्रसते आणि तिच्यावर घट्ट चिकटवलेले अक्षर एका बाजूने उचकटते. म्हणून मोठे अक्षर पूर्ण पाठीवर गोंद फासून चिकटवू नये, मधोमध चिकटवावे. खाचेत बसवायचे असेल तर भोवती अर्धा मिलिमीटर जागा सोडावी.

दमट पत्रा कापला तर कडेला लव सुटते आणि ती रंगाखालीही दिसते. पत्रे मार्गशीर्ष ते फाल्गुन या कोरड्या दिवसांत वाळवावेत. एकावर एक थेट रचू नयेत, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून वर वजन ठेवावे, आणि उन्हात नाही, सावलीत. पत्रा वाळला की नाही हे हाताला कळत नाही. एका पत्र्यावर तारीख घालून त्याचे अगदी बारीक फरक दाखवणाऱ्या काट्यावर चार-चार दिवसांनी वजन करावे. वजन उतरायचे थांबले की बाकीचेही तयार झाले असे समजावे.

रंगकामात एकच पथ्य, पण ते कोणी पाळत नाही: जेवढे हात पुढून, तेवढेच मागून. पुढून प्राइमर, रंग, वॉर्निश आणि मागे कोरे लाकूड ठेवले तर मागची बाजू ओल पिते, फुगते आणि पाटी पुढच्या बाजूला आत वळते. 220 नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासून सीलर (लाकडाची छिद्रे बुजवणारा हात) द्यावा, उभी राहिलेली लव 320 ने काढावी, मग रंग. कापलेल्या कडा दोनदा सील कराव्यात, ओल सर्वात जास्त तिथूनच शिरते. एमडीएफ घेतलाच तर त्याच्या कडांना त्याहूनही जास्त जपावे लागते; एकदा फुगलेला एमडीएफ वाळला तरी मूळ मापावर येत नाही. पांढऱ्या मऊ लाकडाला भुंगा लागतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात पत्रे बुडवून वाळवले तर भुंग्याचा त्रास कमी होतो, मात्र ते औषध पावसाने धुऊन जाते, त्यामुळे वरून वॉर्निश हवेच.

तोरणाचे कडे बांबूच्या कामटीवर सुंभ गुंडाळून केलेले उत्तम. नाताळात त्यावर सुरूच्या फांद्या शोभतात. बारा इंची कड्याला सात-आठ इंचांपेक्षा मोठी पाटी लावू नये, कडे दिसतच नाही. ग्लू गनने पाटी काथ्याला चिकटवणे ही सर्रास होणारी चूक. काथ्याला धूळ आणि सुटी कूस (बारीक तंतू) असते, गोंद कुशीला धरतो आणि कुशीसकट सुटतो. शिवाय पश्चिमेच्या दारावर दुपारच्या उन्हात तो मऊ पडतो. पाटीला कडेपासून आठ-दहा मिलिमीटर आत दोन भोके पाडावीत आणि बांधून टाकावी. बांधायला लोखंडी तार नको, जस्ताचा मुलामा असला तरी खाऱ्या वाऱ्यात ती गंजून पाटीवर तांबडे ओघळ आणते. तांब्याची बारीक तार किंवा सुतळी चालते.

प्रशिक्षण वर्ग घेणाऱ्या संस्थांना आमची विनंती आहे: वर्ग एक दिवसाचा ठेवू नये, आणि तो आषाढात तर मुळीच घेऊ नये. गणपतीच्या महिनाभर आधी यंत्र वाटले की गट ओल्या हवेत, ओल्या पत्र्यावर, घाईने काम करतात आणि माल दसऱ्यापर्यंत वाकतो. वर्ग पौष-माघात घ्यावा, एक दिवस पत्रे मोजणे व वाळवणे, एक दिवस देवनागरी अक्षरे जोडणे, एक दिवस कापणे आणि दोन दिवस रंग, असा. वैशाखापर्यंत पाट्या कापून, दोन्ही बाजूंनी सील करून ठेवल्या तर श्रावणात फक्त नाव रंगवणे आणि बांधणे उरते.

आपले,
लाकडी पाट्या व तोरणे करणारे काही कारागीर,
सावंतवाडी-कुडाळ परिसर